अडखळत बोलणं - स्पीच थेरपी दोनदा करून सोडली, तिसऱ्यांदा जावं का?

अडीचशे_ग्रॅम

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वय २८, मूळ गाव सातारा साइडला, पुण्यात आयटीत टेस्टिंगला आहे. आयडी असा का ते आधी सांगतो म्हणजे प्रॉब्लेम लगेच कळेल. वाण्याकडे मला "पाव किलो" म्हणता येत नाही. प म्हणायला ओठ मिटले की मिटले, उघडतच नाहीत, आणि मागे दोन माणसं उभी असली तर विचारूच नका. म्हणून लहानपणापासून मी अडीचशे ग्रॅम मागतो. बसमध्ये पौड फाट्याला उतरायचं असतं पण तिकीट वनाजचं काढतो कारण व मध्ये ओठ अडकत नाहीत. हॉटेलात कॉफी हवी असली तरी चहा. असे पर्यायी शब्द डोक्यात सतत फिरत असतात, समोरच्याला वाटतं हा विचार करून बोलतो. पण नाव बदलता येत नाही ना. माझं नाव क वरून आहे आणि मी सगळ्यात जास्त तिथेच अडकतो, स्वतःच्या नावावर! फोनवर "कोण बोलतंय" विचारलं की पाच पाच सेकंद शांतता, आणि मग समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो.

गंमत म्हणजे गणपतीत सगळ्यांबरोबर सुखकर्ता दुःखहर्ता म्हणताना एकदाही अडखळत नाही. शाळेत सगळ्या वर्गाबरोबर पाढे खणखणीत म्हणायचो आणि बाईंनी एकट्याला उभं केलं की बे एके ला गाडी बंद. आजी अजून म्हणते, आरती नीट म्हणतोस म्हणजे मनात आणलं तर जमतंय की. यावर काय बोलणार. (बोलायलाच तर जमत नाही.)

थेरपी दोनदा झाली. नववीत असताना गावाकडे एका मॅडमकडे, तिथे फुगे फुगवणे, मेणबत्तीवर फुंकर, जीभ वर खाली करणे, आठ दहा वेळा गेलो आणि परीक्षा आली म्हणून बंद. दुसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी पुण्यात, "२१ दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद" अशी जाहिरात बघून. पैसे आधी भरून घेतले. प्रत्येक शब्द लांऽऽबवून बोलायचा आणि मांडीवर बोटाने ताल धरायचा. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत मी फर्स्टक्लास बोलत होतो, शेवटच्या दिवशी व्हिडिओसुद्धा काढला त्यांनी. बाहेर येऊन रिक्षावाल्याशी बोललो आणि संपलं सगळं. दीड महिन्यात जैसे थे. फोन केला तर म्हणाले तुम्ही प्रॅक्टिस केली नसणार.

आता ऑफिसात क्लायंट कॉल माझ्याकडे येणार आहेत आणि घरी लग्नाचं बघणं चालू आहे, म्हणजे दोन्हीकडे तोंड उघडावंच लागणार. कोणाला खरोखर कशाचा उपयोग झालाय का, ऑनलाइन थेरपी चालते का, आणि मॅनेजरला आधीच सांगून टाकावं की गप्प बसावं? प्लीज "हळू बोल, श्वास घे" सोडून काहीही सांगा.

सुगरण_ठाणे

वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावून बघ रोज सकाळी. आमच्या शेजारच्यांच्या मुलाला फरक पडला होता. आणि लहानपणी जिभेखालची शीर जाड आहे का ते दाखवलं होतं का? ती कापली की जीभ मोकळी होते म्हणतात.

कट्टर_कोकणी

मावशी रागवू नका पण वेखंड, अक्कलकारा, तोंडात नदीचे खडे धरून रामरक्षा, हे सगळं माझ्यावर झालंय. वेखंडाने जिभेला झिणझिण्या आल्या, खडे धरून एक गिळला. अडखळणं तसंच. फक्त घरातल्यांना काहीतरी केल्याचं समाधान.

वाचावाली

मी स्पीच थेरपिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे थोडं मोठं लिहिते.

आधी जिभेचं. जिभेत काही दोष नसतो. लोक तोतरं आणि बोबडं एकच समजतात. र चा ल होणं हा उच्चारांचा प्रश्न, त्याचं काम वेगळं असतं. अडखळणाऱ्या माणसाला प येतो की, दुपारी मित्राशी बोलताना आला, संध्याकाळी दुकानात आला नाही. म्हणजे ओठांना प माहिती आहे, मेंदूकडून बोलण्याच्या हालचालींची जी जुळणी वेळेवर व्हायला लागते तिथे अडतं. हे बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, घराण्यात मामा नाहीतर आजोबा कोणीतरी निघतोच. भीतीमुळे सुरू होत नाही पण भीतीने वाढतं नक्की. म्हणून फुगे आणि मेणबत्तीने काही झालं नाही, ओठ आणि फुप्फुसं तुमची आधीच धडधाकट होती.

आजींना सांगा की आरतीचं कोडं तुमच्या एकट्याचं नाही. दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना जवळजवळ सगळ्यांचंच अडखळणं गायब होतं. लय बाहेरून मिळते, शब्द पाठ असतात, आणि कोणाला काही पटवून द्यायचं नसतं. घरात मांजराशी बोलतानाही अडत नसणार तुम्ही. मनात आणण्याचा इथे काही संबंध नाही.

आता त्या २१ दिवसांचं. लांबवून बोलण्याची पद्धत खोटी नाही हं. शब्दाची सुरुवात हलकी करायची, ओठ आवळण्याऐवजी नुसते टेकवायचे, दोन-तीन शब्दांनी थांबायचं, हे सगळं खरं तंत्र आहे. सिडनीत तयार झालेला कॅम्परडाउन प्रोग्रॅम मोठ्या माणसांसाठी याच अंगाने जातो, आणि ऑनलाइन केला तरी चालतो असं त्यावरच्या अभ्यासांत दिसलंय, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. पण खोलीत जमणं हा थेरपीचा पहिला आठवडा असतो. पुढे फोन, दुकान, रिक्षा, मीटिंग असं एकेक पायरीने बाहेर न्यावं लागतं, आणि त्यांनी तुम्हाला पहिल्या पायरीवर सर्टिफिकेट दिलं. कायमचं बंद करतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. मोठेपणी राहिलेलं अडखळणं पूर्ण जाईल असं कोणी प्रामाणिक माणूस सांगणार नाही, त्यावर खात्रीचं औषधही नाही.

आणि तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काय दिसलं सांगू? अडखळणं नाही, वनाजचं तिकीट. जोसेफ शीहान म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळायचे, ते हिमनगाची उपमा द्यायचे. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक, पाण्याखाली शब्द टाळणं, लाज, फोनची धास्ती. तुमचा खालचा भाग वरच्यापेक्षा बराच मोठा आहे आणि दोन्ही थेरपींत त्याला कोणी हात लावला नाही.

त्यासाठी दुसरी वाट आहे, चार्ल्स व्हॅन रायपर नावाच्या अमेरिकन थेरपिस्टची. तेही स्वतः अडखळायचे, या क्षेत्रात असे बरेच जण आलेत. त्यांचं म्हणणं, अडखळ पण कमी झगडून अडखळ. एखादा शब्द अडकून बाहेर पडला की पळून जायचं नाही, क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैल करून परत म्हणायचा, याला कॅन्सलेशन म्हणतात. ते जमलं की अडकलेलं असतानाच मध्येच दाब कमी करून सरकत बाहेर यायचं, तो पुल-आउट. शेवटी अडकणार हे आधी जाणवलं की तिथेच सैल सुरुवात. क्रम मुद्दाम असा उलटा आहे, नंतर - मध्ये - आधी. आणि यासोबत मुद्दाम अडखळणं. हो, दुकानात जाऊन मुद्दाम "पा पा पाव किलो" म्हणायचं, शांतपणे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ऐकून सगळे पेशंट माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतात. पण ज्या गोष्टीला तुम्ही वीस वर्षं लपवताय ती स्वतःहून केली की तिची निम्मी ताकद जाते.

नवीन थेरपिस्ट शोधताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघा, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी या आमच्या विषयातल्या पदव्या, त्या केलेल्यांना सीआरआर म्हणजे नोंदणीचा नंबर असतो, विचारायला लाजू नका. आणि एकच प्रश्न विचारा: मी अडकलो तर त्या क्षणी काय करायचं हे तुम्ही शिकवता का? उत्तर "अडकणारच नाही तुम्ही" असं आलं की चपला घालून निघा. मुंबईत असाल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था आहे, नायर हॉस्पिटलचा स्पीच थेरपीचा विभाग तर फार जुना आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं याच विषयाचं कॉलेज आहे. शिकवणाऱ्या संस्था आहेत, विद्यार्थी थेरपी देतात पण वर सीनियर बसलेले असतात आणि खर्च खासगीच्या मानाने खूपच कमी.

टोकन_नंबर_४५

वाचावाली ताई, तुमच्यासारखं कोणी १९७८ साली भेटलं असतं तर काय पाहिजे होतं.

बाळ, मी रिटायर बँकवाला, सांगलीचा. आमच्या वेळी कॅशियरला टोकन नंबर ओरडायला लागायचा. पितळी टोकन घेऊन लोक बाकावर बसलेले, आणि मी पिंजऱ्यात. पंचेचाळीस, पंचावन्न, पस्तीस, सगळे प चे शत्रू बघा. मी काय करायचो, पाचाच्या घरातलं टोकन आलं की मान वर करून माणूस शोधायचो आणि हाताने खूण करायचो. गर्दीत चुकीचा माणूस उठून यायचा. एकदा एका शेतकऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या हातात जाता जाता राहिले, आणि त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी आत बोलावून विचारलं काय भानगड आहे. मी रडलोच. तीस वर्षांचा बाप्या. साहेब म्हणाले, मग "चार पाच" म्हण ना, पंचेचाळीस कशाला. आता चार-पाच मधेही पाच आहेच पण आधी चार म्हटलं की पाच घसरत यायचा. तेवढ्याने निभावलं.

खरा फरक मात्र तिथून पडला की साहेबांना माहिती झालं. मग स्टाफला झालं, मग नेहमीच्या गिऱ्हाइकांना. लपवायला काही उरलं नाही तसं अडखळणं आपोआप अर्ध्यावर आलं, कुठलीही थेरपी नाही. म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सांगून टाक. मुलगी बघायला जाशील तिथेही पहिल्या पाच मिनिटांत सांग. आमच्या हिने मला नंतर सांगितलं की तुम्ही नुसतेच मान हलवत होता, मला वाटलं मुके आहात की काय.

लिडकमची_आई

धागा जरा बाजूला नेतेय, सॉरी. पण इथे लहान मुलांच्या आया पण वाचत असतील म्हणून. आम्ही सिडनीत असतो आणि योगायोग असा की माझं रोजचं ट्रेन बदलायचं स्टेशन लिडकम, ज्याच्या नावाने लहान मुलांचा अडखळण्याचा प्रोग्रॅम जगभर ओळखला जातो. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना अचानक "मी मी मी मी मला" सुरू झालं आणि दोन महिन्यांत तोंड उघडं ठेवून आवाजच न येणं इथपर्यंत गेलं. सासूबाई म्हणाल्या दोन भाषांचा गोंधळ आहे, मराठी बंद करा. नशीब आमच्या थेरपिस्टने साफ नाही सांगितलं, दोन भाषांमुळे हे होत नाही आणि घरची भाषा सोडायची काही गरज नाही.

लिडकममध्ये थेरपी आईबाबांनीच घरी द्यायची असते, आठवड्यातून एकदा क्लिनिक. रोज थोडा वेळ खेळता खेळता बोलायचं आणि तो न अडता बोलला की मधूनच कौतुक करायचं. इंग्लिशमधले शब्द त्याला लागू पडेनात तेव्हा आम्ही मराठीत केलं. "वा, किती गुळगुळीत बोललास!" आणि अडला तर क्वचित, अगदी क्वचित, "तिथे गचका बसला का रे?" काही दिवसांनी तोच माझ्या नवऱ्याला म्हणाला बाबा तू गुळगुळीत बोललास. रोज रात्री दिवसाचा एक आकडा लिहायचा, ० म्हणजे अजिबात नाही, ९ म्हणजे भयंकर. आमचा ६ वरून ० - १ वर यायला जवळपास आठ महिने गेले, मध्ये एकदा आजी आजोबा येऊन गेले तेव्हा परत ५. पण आता सात वर्षांचा आहे आणि शाळेत भांडतो फुल स्पीडमध्ये.

वाचावाली

@लिडकमची_आई, गुळगुळीत आणि गचका! हे मी चोरणार आहे. फक्त वाचणाऱ्या बाकीच्या आयांना विनंती, हे व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करू नका. प्रमाण चुकलं, कौतुकापेक्षा गचके जास्त दाखवले गेले, तर मूल बोलणंच कमी करतं. दोन ते पाच वयात साधारण शंभरातली पाचेक मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातंही. पण घरात कोणी मोठेपणीही अडखळणारं असेल, किंवा सहा महिने ते वर्षभर चालूच असेल, किंवा मूल स्वतः वैतागून "मला बोलता येत नाही" म्हणायला लागलं तर वाट बघू नका. तोपर्यंत घरी फक्त "परत बोल, नीट बोल" बंद करा आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करणं बंद करा. तेवढंही पुष्कळ होतं.

डीएएफ_पीडित

मी जरा उलट बोलतो. वय ३४, आयुष्यभर अडखळतोय. हे स्वीकारा, सांगून टाका, हिमनग वगैरे ठीक आहे, पण क्लायंट कॉलवर माझा ३० सेकंदांचा ब्लॉक (शब्द अडकून नुसती शांतता) बघायला कोणाला वेळ नसतो हो. इंटरव्ह्यूमध्ये मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की मी अडखळतो. चेहरे पडलेले दिसले मला. नोकरी मिळाली नाही, कारण तेच होतं का देव जाणे. त्यामुळे तंत्र पण लागतंच, नुसत्या स्वीकाराने पोट भरत नाही.

मी एक डीएएफचं ॲप वापरलं, हेडफोन लावून आपलाच आवाज थोडा उशिरा ऐकू येतो आणि माणूस आपोआप हळू होतो. पहिले दोन महिने जादू वाटली. मग मेंदूला सवय झाली बहुतेक, आणि हेडफोन काढला की काही उरत नव्हतं. काहींना टिकतं म्हणे. मला नाही.

जे टिकलं ते सांगतो आणि ते फुकट होतं. टीसा म्हणून आपल्याकडे अडखळणाऱ्यांचीच संघटना आहे, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, डॉक्टर वगैरे कोणी वर बसलेलं नाही, सगळे आपल्यासारखेच. स्वमदत गट, ऑनलाइन मीटिंग. पहिल्या दिवशी वीस जण अडखळतायत आणि कोणी कोणाचं वाक्य पूर्ण करत नाहीये, हे मी ३० वर्षांत प्रथम बघितलं. एका मुलाला नाव सांगायला दीड मिनिट लागलं आणि सगळे निवांत. मला घाम फुटला होता त्याच्यासाठी, तेव्हा कळलं की माझ्यासाठी लोकांना काय होत असेल, आणि तो मुलगा मात्र मजेत होता. तिथे मुद्दाम अडखळण्याला बाउन्सिंग म्हणतात, तेच मी ऑफिसच्या कॉलला पहिल्या वाक्यात करतो आता. मु मु मुद्दाम. मग पुढचे खरे ब्लॉक छोटे येतात.

अडीचशे_ग्रॅम

एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. काका, चार पाच वाली आयडिया वाचून बसमध्ये एकटाच हसलो. वाचावाली ताई, वनाजच्या तिकिटावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत, दोन दिवस तेच डोक्यात होतं. मी मोजून बघितलं, एका दिवसात किती शब्द बदलतो ते. दुपारी जेवणापर्यंत १९ झाले मग मोजणं सोडलं. एक विचारायचं होतं, बोलायच्या आधी मी "ते आपलं" लावतो, "ते आपलं कोड रिव्ह्यू झाला" असं, त्याने धक्का मिळतो. हे पण टाळण्यातच धरायचं का? आणि डीएएफ दादा, बाउन्सिंग करताना टीममधल्यांना माहिती होतं का आधी?

वाचावाली

हो, तेही टाळणंच. टेकू म्हणतो आम्ही. आज एका "ते आपलं"ने शब्द निघतो, सहा महिन्यांनी दोन लागतात, मग मान झटकावी लागते, डोळे मिटावे लागतात. बऱ्याच जणांचं डोळे मिचकावणं नाहीतर पाय आपटणं असंच चिकटलेलं असतं, कधीतरी एकदा त्याने शब्द सुटला म्हणून. लगेच सगळे टेकू काढू नका पण. एक जागा निवडा, सोपी, आणि तिथे फक्त काढा.

डीएएफ_पीडित

टीम लीडला माहिती होतं, बाकीच्यांना नाही. मेल केला होता दोन ओळींचा, मी अडखळतो, कॉलवर मी थांबलो तर नेटवर्क गेलं समजू नका, वाक्य मलाच पूर्ण करू द्या. एवढंच. समोरासमोर सांगायची हिंमत नव्हती खरं सांगायचं तर. तू पण मेल कर, लिहिताना कुठे अडतो आपण.

सुगरण_ठाणे

मी वेखंड परत घेतला रे बाबांनो. त्या शेजारच्या मुलाला आज मुद्दाम फोन केला, तो म्हणाला काकू अजून अडखळतो मी, तुमच्यासमोर बोलतच नव्हतो फार.

अडीचशे_ग्रॅम

अपडेट. मेल केला मॅनेजरला. उत्तर आलं "ओके, नोटेड" आणि खाली अंगठा. तेवढ्यासाठी मी तीन रात्री झोपलो नव्हतो.

आणि भारती विद्यापीठाला अपॉइंटमेंटसाठी फोन मीच केला, बहिणीला न लावता. रिसेप्शनवर नाव विचारलं, क वर अडकलो, तिकडून हॅलो हॅलो आवाज येत नाहीये, कट. परत लावला आणि आधीच म्हटलं, मी अडखळतो, नाव सांगायला वेळ लागेल. ती म्हणाली बोला सर, आमच्याकडे सगळे असेच फोन येतात. मंगळवार साडेअकरा मिळालेत. वाचावाली ताई, तो एक प्रश्न विचारीन आणि काय उत्तर येतं ते इथे लिहीन.

टोकन_नंबर_४५

शाब्बास. आणि वाण्याकडे?

अडीचशे_ग्रॅम

नाही काका. काल शेंगदाणे घेतले, अडीचशे ग्रॅम.